वर जाऊन आलेली काजळी

कर्जतला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या चाळीत कुणी भुवईसुद्धा वर करत नाही. काशी नाही, रामेश्वर नाही, कर्जत! गाडीत बसावं, एक डुलकी काढावी आणि उतरावं. पण मी त्या मुलखात अकरा दिवस होतो, आणि परतलो तेव्हा बायकोने दार उघडून "कोण पाहिजे?" असं विचारलं. तिने थट्टेने विचारलं होतं. मी मात्र शिणून खरोखरच माझं नाव सांगितलं. तो शीण अजून गेलेला नाही. हे लिहितानाही गुडघ्यांना तेल चोळून बसलो आहे.

मी मुंबईतल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर आहे. बारा वर्षं झाली. प्रोफेसर फळ्यावर जे सिद्ध करतात ते टेबलावर घडवून दाखवायचं, आणि न घडलं तर बोलणी खायची, एवढंच माझं काम. मी बनवलेल्या उपकरणांवर चौघांनी पदव्या मिळवल्या, सरांनी विलायतेच्या मासिकांतून लेख छापले, आणि माझं नाव एकाही कागदावर आलं नाही. हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही, असं म्हणणार होतो. पण कुरकुर म्हणूनच सांगतो आहे.

दुसरं महायुद्ध संपून तो पहिलाच हिवाळा. लष्कराचा शिल्लक माल विकायला निघाला, त्यात सरांना तीन मोठे रबरी फुगे मिळाले. असल्या फुग्यात हायड्रोजन भरून सोडला की तो मैलच्या मैल वर जातो, हवा विरळ होईल तसा आणखी फुगतो, शेवटी फुटतो, आणि त्याला टांगलेलं यंत्र कापडाच्या छोट्या छत्रीने खाली येतं. वरच्या हवेचा दाब किती, थंडी किती, दमटपणा किती, हे त्या यंत्राने लिहून आणायचं. हा प्रयोग विद्यार्थ्यांनी करावा अशी सरांची हौस. यंत्र करायचं मी, वाहायचं मी, आणि सरांना कमरेचं दुखणं असल्यामुळे मुलांबरोबर जायचंही मीच. सर मुंबईत बसून पत्रं लिहिणार होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पण निघताना सरांनी एक गोष्ट सांगितली, आणि तिच्यापायी मी आनंदाने गेलो. ते म्हणाले, "यंत्रातून रेघा नीट उमटून आल्या, तर या वेळी लेखावर माझ्या शेजारी तुमचं नाव." बारा वर्षांत मी असं वाक्य ऐकलं नव्हतं. गाडी कल्याणच्या पुढे जाईपर्यंत मी ते मनात घोळवत होतो.

यंत्र म्हणजे पावशेर चहा मावेल एवढी, बारीक भोकं पाडलेली पत्र्याची पेटी. आत चोरबाजारातल्या गजराच्या घड्याळाची चाकं, आणि त्यांवर हळूहळू सरकणारा ॲल्युमिनियमचा एक पत्रा. तो मी रॉकेलच्या दिव्यावर धरून काजळीने काळाभोर केला होता. त्यावर तीन बारीक सुया टेकलेल्या. एक दाबाने हलणारी, एक थंडीउष्म्याने, तिसरी दमटपणाने. सुई हलली की काजळी खरवडली जाऊन केसासारखी पांढरी रेघ उमटते. धातूवर ओरखडा काढण्याइतका जोर माझ्या सुयांत नव्हता, म्हणून ही काजळीची युक्ती. मला तिचा भलताच अभिमान होता.

तिसऱ्या सुईला माणसाचा केस लागतो, कारण केस दमट हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. तो केस माझ्या बायकोचा. तो धुऊन तेलकटपणा काढताना ती म्हणाली, "मला कधी महाबळेश्वरला नेलं नाहीत, माझ्या केसाला मात्र आभाळात नेताय."

पेटीवर डकवायची चिठ्ठी मीच मराठीत लिहिली: 'या पेटीत हवा मोजण्याचे यंत्र आहे. ते स्फोटक नाही. सापडेल त्याने पेटी उघडू नये, जपून ठेवावी आणि कर्जत स्टेशनावर कळवावे. बक्षीस मिळेल.' वसंत नावाचा माझा विद्यार्थी शेजारी उभा होता. मुलगा शहाणा. तो म्हणाला, "सर, आतली काजळी पुसू नये, असंही लिहा ना." मी म्हटलं, "तसं लिहिलंस तर लोक काजळी बघायलाच पेटी उघडतील. पुसू नको म्हटलं की आधी हात पुसायलाच जातो." पोरं हसली. मीही माझ्या हुशारीवर हसलो.

कर्जत

आम्ही तिघे उतरलो: मी, वसंत आणि परेरा. परेरा वांद्र्याचा, उंच, सदा शीळ घालणारा. फुग्याचा माग काढायची दुर्बीण त्याच्याकडे. हायड्रोजनचं लोखंडी नळकांडं गार्डाच्या डब्यातून उतरवायला चार हमाल लागले. स्टेशनाबाहेर हिरू भोईर नावाचा गाडीवान भेटला. खालापूरकडचा, पन्नाशीचा, कानात बिडी खोचलेला. पुढे अकरा दिवस तोच आमचा गाडीवान, वाटाड्या आणि पंच.

"मास्तर, ह्यो बाटला लय जड हाय. काय भरलाय आत?"

"हवा."

"हवा?" त्याने नळकांड्याला बोटाने टिचकी मारली. "हवा येवडी जड असंल तं आमी आतापरेंत चेपून कसं मेलो नाय?"

परेरा म्हणाला की हा प्रश्न आमच्या परीक्षेत येतो. मी उत्तर द्यायचा प्रयत्न केला, पण हिरूने मान डोलावली ती माझ्या समाधानासाठी. त्याला फक्त एकच गोष्ट पटवून द्यायची होती, ती म्हणजे या बाटल्याजवळ बिडी ओढायची नाही. त्याने कानातली बिडी काढली, आमच्यादेखत मुंडाशात ठेवली, आणि अकरा दिवस तो मुंडाशाला हात लावून लावून दिवस काढत होता. एवढा संयम मला चहाच्या बाबतीत जमत नाही.

आमचा मुक्काम एका भाताच्या व्यापाऱ्याच्या वखारीच्या माळ्यावर होता. खाली पोती, वर आम्ही, मध्ये उंदीर. जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. मी वाईकडचा, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेलो. तिला चावायला वेळ लागतो, आणि त्या वेळात पोट भरल्यासारखं वाटतं. ही तांदळाची पांढरी भाकरी मऊ, गोड, कधी संपली ते कळतच नाही. वालाला मात्र मी शरण गेलो. मोड काढून, एकेक दाणा सोलून केलेलं बिरडं. एवढी मेहनत माझ्या प्रयोगशाळेत कुणी घेत नाही.

पहिला फुगा उल्हासच्या काठच्या मोकळ्या शेतात भरायला घेतला. पहाटेची थंडी, नदीवर धुकं, भात कापून उरलेली बोचरी बुडखं. फुगा माणसाएवढा झाला आणि फाटला. रबर गोदामात पडून विरलं होतं. आवाज एवढा झाला की नदीवरच्या बायका धुणं टाकून पळाल्या, आणि दुपारपर्यंत पोलिसपाटील चौकशीला आला. त्याला चहा पाजून, चिठ्ठीतलं 'स्फोटक नाही' हे वाक्य दाखवून वाटेला लावावं लागलं. "स्फोट तर झालाच की," तो म्हणाला.

दुसरा फुगा दोन दिवसांनी सोडला. तो सुरेख गेला. वसंतने टाळ्या वाजवल्या. परेरा दुर्बिणीला डोळा लावून आकडे सांगत होता, आणि मग त्याची शीळ थांबली. वरचा वारा पूर्वेकडे जोरात वाहत होता. फुगा घाटमाथा ओलांडून देशावर गेला. पुण्याकडे, कदाचित त्याही पलीकडे. त्याबरोबर मी बनवलेल्या दोन पेट्यांपैकी एक गेली. ती कुणाच्या विहिरीत पडली की कुणाच्या देव्हाऱ्यात बसली, ते आजतागायत कळलेलं नाही.

सरांना तार केली. उलट तार आली: 'अधिक काळजी घ्या.'

कुंभिवली

राहिला एक फुगा आणि एक पेटी. आम्ही विचार केला की घाटापासून दूर, नैर्ऋत्येला सरकावं. खालचा वारा फुग्याला आधी समुद्राकडे नेईल, वरचा परत आणील, आणि घाट ओलांडायच्या आत पेटी अलीकडच्या रानात पडेल. हिरू म्हणाला, "मंग आमच्याकडं चला. कुंभिवलीला." पुण्याच्या रस्त्यावरचं त्याच्या मेहुण्याचं गाव ते.

बैलगाडीने पुरा दिवस गेला. नळकांडं गाडीत आणि आम्ही गाडीमागे, कारण सगळ्यांचा भार बैलांना झेपेना. धूळ, ऊन, मध्येच लष्करी ट्रकांची रांग. माझ्या डाव्या टाचेला फोड आला. हिरूने करंजाचं तेल लावायला दिलं. त्याच्या वासाने परेरा दहा पावलं पुढे चालू लागला. त्या रस्त्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आता वय झालं. चाळिशीला दोन वर्षं कमी असताना असं वाटावं, हे काही बरं लक्षण नाही.

संध्याकाळी हिरूच्या मेहुण्याने पोपटी लावली. मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ-ओवा. मडकं शेतातच पालथं घालायचं आणि भोवती पाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. अर्ध्या तासाने मडकं उघडलं तेव्हा जो वास सुटला त्याने मी फोड, फुगे आणि सर, तिघांनाही विसरलो. संसारी माणसांनी पेटत्या काटक्यांपासून नळकांडं किती लांब आहे ते तीनदा मोजलं. संसारी माणसं म्हणजे मी एकटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठा रिकामा करून तिसरा फुगा आत भरला, म्हणजे वारा लागू नये. सारं गाव दारात. मी आतल्या घड्याळाला चावी दिली, झाकण लावलं, चिठ्ठी पुन्हा एकदा डिंकाने घट्ट केली. हिरूने दोर धरला होता. मी "सोड" म्हटलं आणि त्याने देवाचं नाव घेऊन सोडला.

तो गेला. आधी पश्चिमेला, आमच्या हिशेबाप्रमाणे. मग परत आमच्या डोक्यावर आला, टाचणीच्या डोक्याएवढा होऊन. मग पूर्वेला. परेराने तासाभराहून अधिक वेळ त्याला धरून ठेवला, आणि मग म्हणाला, "फुटला, सर! घाटाच्या अलीकडे. ठाकुरवाडी स्टेशनाच्या अंगाला." त्याच्या आकड्यांवरून वसंतने उंची काढली: सात मैलांच्या आसपास. मी मातीतच बसलो. घोडं गंगेत न्हालं असं मला वाटलं. सात मैलांवरची हवा त्या पत्र्यावर लिहिली गेली होती, आणि माझं नाव त्या पत्र्याएवढ्याच अंतरावर होतं.

शोध

पुढचे तीन दिवस मला नीटसे आठवत नाहीत. आठवतात ते चढ. डोंगराच्या कडेने एकेक वाडी विचारत गेलो. आभाळातून काही पडलेलं पाहिलंत का? सगळ्यांनी पाहिलं होतं. आणि सगळ्यांनी ते पुढच्या वाडीत पडताना पाहिलं होतं. एकाने तर छत्री निळी होती असंही सांगितलं. आमची पांढरी होती. प्रत्येक ठिकाणी गुळाचा चहा, प्रत्येक ठिकाणी "बसा वाईच." नाही म्हणता येत नाही. आमच्या चाळीत दारात आलेल्या माणसाला काम काय ते आधी विचारतात, इथे चहा झाल्यावर विचारतात. तिसऱ्या दिवशी दुपारी मी एका आंब्याखाली आडवा झालो आणि पोरांना म्हटलं, "तुम्ही जा. मी इथेच म्हातारा होतो."

वसंत गेला नाही. तो बसून राहिला आणि म्हणाला, "सर, सापडेल हो. तुमचं यंत्र आहे." माझ्या उभ्या नोकरीत 'तुमचं यंत्र' असं कुणी म्हटलं नव्हतं. मी उठलो.

हिरूच्या गाडीने कर्जतला परतलो तर स्टेशनावर निरोप येऊन पडला होता. ठाकुरवाडीच्या गँगमनने पेटी पाहिली होती. रुळांच्या वरच्या अंगाला ठाकर जमातीची एक वाडी आहे, तिथल्या एका म्हातारीकडे ती आहे, चिठ्ठीसकट, शाबूत. 'शाबूत' हा शब्द मी स्टेशनमास्तरांना दोनदा म्हणायला लावला.

ठाकुरवाडी

ठाकुरवाडीला गाड्या थांबतात त्या माणसांसाठी नव्हे, घाटासाठी, ब्रेक तपासायला. आम्ही उतरलो तेव्हा गार्डाने आमच्याकडे वाट चुकलेल्यांकडे पाहावं तसं पाहिलं. हिरूही बरोबर होता. बैल कर्जतला सोडून तो स्वतःच्या हौसेने आला होता. गँगमन पुढे चालला आणि आम्ही मागे, कारवीच्या झुडपांतून, एका माणसापुरत्या वाटेने.

वाडी म्हणजे कुडाची आठ-दहा घरं, शेणाने सारवलेली अंगणं, ती इतकी स्वच्छ की मी बूट बाहेर काढले. म्हातारीचं नाव बुधीबाई. लहानखुरी, वाकलेली, पण डोळे टिपणारे. तिची बोली मला निम्मीच कळत होती. उरलेली गँगमन उलगडून सांगत होता.

तिने आधी पाणी दिलं. मग आत गेली आणि दोन्ही हातांवर पेटी घेऊन आली. छत्रीची घडी घालून खाली ठेवलेली, वर पेटी. चिठ्ठी जागच्या जागी. मी पेटी घेतली, आणि ती जड लागली. माझी पेटी एवढी जड नव्हती.

झाकण उघडलं. आत काठोकाठ नाचणी भरली होती.

मी नाचणी ओंजळीत काढली. खाली घड्याळाची चाकं, त्यांच्या दातांत लाल दाणे. तीन सुया. आणि पत्रा. तो लखलखत होता. राखेने घासला होता, काठापासून काठापर्यंत. काजळीचा कण नव्हता, रेघ नव्हती.

"आजी!" वसंत ओरडला. "हे काय केलंत हो! हे पुसलंत कशाला?"

म्हातारी दचकली. मी वसंतचा दंड धरला. रागावण्याइतकी ताकद माझ्यात उरली नव्हती, हे खरं. पण त्याहून खरं हे की ती पेटी पाहताच मला माझी आई आठवली होती. शेजारणीची वाटी परत करताना ती घासूनपुसून, चिमूटभर साखर घालूनच परत करी. रिकामं भांडं कुणाच्या घरी धाडायचं नसतं. उष्टं तर नाहीच नाही. बुधीबाईनेही दुसरं काय केलं होतं? मी चिठ्ठीत 'जपून ठेवावी' असं लिहिलं होतं, आणि तिने जपली होती. शिवाय गँगमनने ती चिठ्ठी वाचून दाखवली तोवर दोन दिवस होऊन गेले होते, पत्रा घासून झाला होता.

मी अंगणात बसलो. बारा वर्षं, तीन फुगे, दोन पेट्या. मी एवढंच विचारलं, "सापडली कशी, ते सांगा."

ती सांगू लागली, गँगमन जोड देत होता. ती लाकडं वेचत होती. वरून पांढरं काही डुलत डुलत आलं आणि करवंदीच्या जाळीवर टेकलं. झाकण पडताना निघालं होतं. "म्या हात लावला तं गार! लय गार. पानी सुटलंतं त्याला, माठाला सुटतंय तसं."

"पाणी? बाहेरून?" मी विचारलं.

"भाईरनं. आनि आतला पत्रा तं हिवागत गार. घरी नात तापानं फनफनत व्हती, तीन दीस. म्या म्हनलं, वरल्यानं धाडलाय. तसाच धावत आनला नि पोरीच्या कपाळाव ठिवला."

ती आत वळून हाक मारू लागली. दोनेक वर्षांची पोर बाहेर आली, हातात भाकरीचा तुकडा, नाकातून धार, अगदी ठणठणीत. कपाळावर मोठ्ठी काळी तीट.

"पत्रा उचलला तं कपाळाव ह्ये काळं उठलं. सांजंला ताप उतारला. मंग म्या म्हनलं, ह्ये काजळ चांगलं हाय."

गँगमन हसत म्हणाला, "पेटीत बाईचा केस निघाला तवा वाडीवाले भ्याले हुते. म्हनं करनी हाय, टाका वढ्यात. हिनं नाय टाकू दिली. म्हनली, करनीवाला कदी चिठ्ठी लावून पेटी धाडील का?"

"क्यास कुनाचा रं, बाबा?" म्हातारीने मला विचारलं.

"माझ्या बायकोचा."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "बरी हाय ना ती?"

"बरी आहे," मी म्हटलं. अकरा दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सरांच्या तारेत तर नाहीच.

मग ती पुन्हा आत गेली, आणि एक शिंपला घेऊन आली, पळसाच्या पानात गुंडाळलेला. तो तिने माझ्यापुढे धरला. त्यात तेलात कालवलेलं काळं होतं, करंगळीच्या नखाएवढं.

"ह्ये बी तुमचंच," ती म्हणाली. "घासायच्या आधी खरवडून ठिवलंतं. पोरीला लावलं तेवडंच सरलं. बाकी हाय तेवडं हाय."

वसंत तोंड फिरवून कारवीकडे बघू लागला. परेराने टोपी काढली. आणि मी, ज्याला इतका वेळ रडू आलं नव्हतं, तो धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागलो. सात मैल वर जाऊन आलेली, तिन्ही सुयांनी जिच्यावर लिहिलं ती उरलीसुरली सगळी काजळी त्या शिंपल्यात होती. एक कण ठेवून न घेता म्हातारीने ती मला परत केली होती. ती मला वाचता येणार नव्हती, एवढंच.

"तुम्हीच ठेवा," मी म्हटलं. "पोरीला लागेल."

"आनि तुला?" तिने विचारलं. मग तिने अंगठा शिंपल्यात बुडवला आणि माझ्या कपाळावर डाव्या अंगाला एक तीट लावली. "लय दमलास, बाबा. लांब जायाचं हाय."

बक्षीस वसंतने तिच्या हातावर ठेवलं, तिने न बघता पदराला बांधलं. नाचणी मी पेटीत परत भरून घेतली. ती तिथे ओतून येणं बरं दिसलं नसतं. उतरताना हिरूने अकरा दिवसांनी मुंडाशातली बिडी काढली, पेटवली आणि एक झुरका घेऊन मला म्हणाला, "मास्तर, काम झालं म्हनायचं का नाय?" मी म्हटलं, "ठाऊक नाही."

मुंबई

बायकोने "कोण पाहिजे?" विचारलं ते ती तीट बघून. मी सगळं सांगितलं. तिने पदर ओला करून पुसायला हात उचलला, मग तसाच खाली घेतला. रात्री त्या नाचणीची भाकरी झाली. दोनच झाल्या, पण झाल्या.

दुसऱ्या दिवशी सरांपुढे पत्रा ठेवला. त्यांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला असावा, कारण त्यांनी टोपी सरळ केली. "म्हणजे नोंद काहीच नाही," ते म्हणाले. मी नाही म्हटलं. "मग लेखाचा प्रश्नच मिटला. पुन्हा फुगे मिळाले तर पाहू." फुगे पुन्हा मिळणार नाहीत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. घड्याळाच्या चाकांतून एक नाचणीचा दाणा त्यांच्या टेबलावर पडला. त्यांनी तो टिचकीने उडवला.

प्रयोग फसला तरी प्रयोगशाळेची वही भरावी लागते. ते काम माझंच. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ती उघडली. उड्डाण तिसरे, कुंभिवली. उंची: परेराच्या दुर्बिणीवरून सात मैल. दाब: नोंद नाही. दमटपणा: बाहेरून पाणी सुटलेले, माठाला सुटते तसे. तापमान या रकान्याशी मी टाक पुन्हा दौतीत बुडवला. मग लिहिलं: 'हाताला फार गार. लहान मुलाचा ताप उतरवण्याइतके.'

शेवटचा रकाना निरीक्षकाचा असतो. तिथे नेहमी सरांची सही होते. मी लिहिलं: 'बुधीबाई, ठाकुरवाडी.' आणि तिच्या नावाशेजारी, शाईने, माझं पूर्ण नाव.